ओला हिरवा

जंगलाच्या त्या देशात रानाने एखादं गाव गिळलं, की नकाशावर त्या गावाला हिरवा रंग फासायचा, एवढंच अण्णांचं काम. तीस वर्षांत हात कधी चुकला नव्हता.

आज सकाळी कचेरीत येऊन पाहतात तो राजधानीतली त्यांचीच गल्ली हिरवी. रंग अजून ओला होता.

"कुणी केलं हे?"

"रंगाच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडेच असते," साहेब म्हणाले आणि आत गेले.

अण्णा पात्याने रंग खरवडू लागले. तेवढ्यात घरून बायकोचा फोन आला.

"अहो, छपरावर काहीतरी खरवडतंय."

अण्णांनी पातं झटकन खाली ठेवलं.

"थांबलं," ती म्हणाली. "पण घरात एवढा अंधार का होतोय?"