विहिरीचा गुण

दत्तूकाकांनी बाटलीच्या तोंडावर अंगठा दाबला. गोटी खाली गेली, पण नुसतंच फुस्स झालं. रिक्षावाल्या रघूने एक घोट घेतला आणि बाटली तशीच ठेवून दिली. पालीच्या नाक्यावर चाळीस वर्षं सोडा विकलेल्या माणसाला तेवढं पुरे होतं.

"विहीर बुजली आणि सोड्यातला जीव गेला," काका म्हणाले. रस्ता रुंद झाल्यापासून पाणी छपरावरच्या टाकीतून यायचं. "उद्या यंत्र भंगारात देतो. झालं आपलं."

नात आरोही रत्नागिरीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती. तिने टाकीच्या नळाखाली हात धरला आणि चटकन मागे घेतला.

"आजोबा, गॅस मुरतो तो गार पाण्यात. असल्या तापल्या पाण्यातून तो लगेच पळतो. विहिरीचा कसला गुण? गारव्याचा गुण तो!"

"काहीतरीच! विहिरीचं पाणीसुद्धा दुपारपर्यंत मडक्यातच असायचं की."

"मग ते गार कसं राहायचं?"

काकांची नजर दाराकडे गेली. तिथे त्यांची बायको यमुनाबाई कोकमं निवडत बसल्या होत्या. पहाटे उठून पाणी त्याच भरायच्या. मडक्यांना ओलं गोणपाट गुंडाळायच्या, वाळलं की पुन्हा भिजवायच्या. नळ आला तेव्हा, "सुटलीस एकदाची," म्हणत काकांनीच ती मडकी मागच्या पडवीत टाकली होती.

"अगो, कधी बोलली नाहीस ती?"

"येईल त्याला विहिरीचं कौतुक सांगायचात," यमुनाबाई मान वर न करता म्हणाल्या. "केवढे खूश असायचात! म्हटलं, असू दे."

काकांना एकदम भरून आलं. ते उगाच बाटल्या पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्याच्या आवाजाने यमुनाबाईंना जाग आली. पडवीत काका मडक्यांना गोणपाट गुंडाळत होते, तेही उलटसुलट. त्या गुडघे धरून उठायला लागल्या.

"नीज गो तू. तू भरलंस तेवढं पुरे."

दुपारी गोटी टॉक्कन आत गेली. पहिल्याच घोटाला रघूच्या नाकात झिणझिण्या आल्या.

"काका, नवी विहीर खणलीत काय?"

"विहीर गेली रे," दुसरी बाटली फोडून ती घेऊन घरात जाता जाता काका म्हणाले, "गुण घरातच होता."