निळे टाके

कचेरीतल्या साहेबांनी पिशवी टेबलावर उलटी केली आणि त्यातला शर्ट शिंप्यापुढे सरकवला.

"छावणीमागच्या खड्ड्यात मिळाला. नीट बघा, तुमच्या मुलाचा आहे का?"

बघायची गरजच नव्हती. कॉलर शिंप्याच्याच हातची होती. तीन वर्षांपूर्वी मुलगा दुकानात हाच शर्ट मापाला घालून उभा होता, बाह्या नुसत्या कच्च्या टाक्यांवर. साध्या कपड्यांतली माणसं आली, "दोन प्रश्न विचारून सोडतो" म्हणाली आणि त्याला घेऊन गेली. पुढे एकाही कचेरीने तो आपल्याकडे असल्याचं कबूल केलं नाही.

शिंप्याने शर्ट उलटा करून पाहिला. हाताला सवयच ती. डाव्या बाहीचे कच्चे टाके तुटले होते आणि कोणीतरी ब्लँकेटचा निळा दोरा ओढून ती पुन्हा जोडली होती. टाके वाकडेतिकडे, एक बोटभर तर एक मुंगीएवढा. "शिंप्याचं पोर, आणि बटण लावायला आईकडे धावतंय," असं म्हणून ज्याला तो कायम हसायचा, त्याच्याच हातचे. म्हणजे नेल्यावरही पोरगा जिवंत होता. थंडी वाजत असणार, बाही लोंबत असणार, आणि कुठल्याशा खोलीत बसून पोरगा बापाचं काम करत होता. शिंप्याला हुंदका आला. तो त्याने खोकल्यात लपवला.

"तुमचा असेल तर सांगून टाका," साहेब समजुतीने म्हणाले. "मयत दाखवू, शोध थांबवू. तुमचेही हेलपाटे वाचतील. शर्ट घरी न्या."

"आणि नसेल तर?"

"तर शोध चालू. शर्ट बेवारस म्हणून जाळून टाकू."

शिंप्याने निळ्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. मग गिऱ्हाइकाला देतात तशी, बाह्या मागे दुमडून, शर्टाची घडी घातली.

"आमचा नाही," तो म्हणाला.

बाहेर बाकावर बायको बसली होती. तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"दुसऱ्याच कुणाचा आहे."

"मी म्हटलं नव्हतं तुम्हाला?" कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर रंग आला. तिने मांडीवरचा डबा उघडला. सकाळपासून दोघांच्याही पोटात काही नव्हतं. "बसा. आता चार घास खाऊन घ्या."

त्याने पहिला घास घेतला. ती बघत होती, म्हणून तो खात राहिला.