मधली जागा

"हे नाय," जिजा म्हणाली. "पहिलं लाव."

की-बोर्डवाल्या नवशानं कॅसेट काढली, दुसरी घातली. वेल्डिंगच्या दुकानामागची ही पत्र्याची खोली म्हणजे कुंभिवलीच्या उल्हास की-बोर्ड पार्टीचं सगळं घरदार. एक की-बोर्ड, ताल धरणारं एक यंत्र, दोन कॅसेटींचा टेप आणि भिंतीला टेकवलेले कर्णे. बाहेर हायवेवरून ट्रक गेला की पत्रा थरथरायचा. जिजाच्या मांडीवरची तान्ही दर वेळी दचकायची, आणि जिजा तिच्या कानावर पदर धरायची.

यंत्राचा ताल सुरू झाला. त्यावर की-बोर्डची झिणझिणती धून, आणि मग सोनुबाईचा आवाज. उंच, किंचित घोगरा.

हळदीला पाणी गं कुणी आणिलं,
हळदीला जातं गं कुणी मांडिलं,
लेकीला पदराखाली कुणी घेतिलं...

ओळीला ओळ लागून. श्वास घ्यायलाही सवड नाही.

"हेबी नाय."

"अगं, हेच तर सगळ्यात जास्त चालतंय," तालाच्या यंत्रावर बसणारा लडकू म्हणाला. "कशेळ्याच्या हळदीला चार वेळा लावायला लावलं. नवऱ्याचा आजा काठी टाकून नाचला."

"माझी आई गायची रं. नाचवायची नाय."



सोनुबाई ढवळारीण होती. लग्नघरी मांडवात बसून ढवळे गाणारी. ती दिवाळीत गेली. उद्या तिच्याच धाकट्या लेकीची, जनीची हळद होती. साऱ्या गावच्या लेकींना आईनं हळदीला गाणं दिलं, तर जनीलाही तिनंच द्यायचं, हे जिजानं मनाशी धरलं होतं. म्हणून तर पार्टीनं आईच्या आवाजात भरलेली पहिलीवहिली कॅसेट तिनं पेटीत लुगड्यांच्या घडीत जपली होती. काल सहज लावून बघायला गेली, आणि टेपनं फीत आत ओढून तिचा चुथडा केला.

"पहिल्या कॅसेटीत आई दर ओळीनंतर थांबते," जिजा म्हणाली. "ते थांबणं पाहिजे मला."

नवशा टेपकडे बघत राहिला. "तेच काढलं गं जिजाताई. मधी गाणं थांबलं की नाचणाऱ्याचे पाय अडायचे. आमाला वाटलं, मावशीला दम लागतोय."

"दम?" जिजाचा आवाज चढला तशी तान्ही हलली. तिनं तिला थोपटलं, मग हळू बोलली. "ती बायांसाठी थांबायची. पाणी कुणी आणलं, हे तिनं इचारायचं, आन ज्यांच्या घरची हळद त्या बायांनी नाव घ्यायचं. दर घरची नावं निराळी. हितं या खोलीत तुमी तिला एकटीला गायला बसवलं, तरी ती जागा सोडत गेली. कॅसेट कोणाच्याबी घरी वाजू दे, त्यांची नावं मावली पाहिजेत म्हणून."

लडकूनं हात लांब करून यंत्राचा लुकलुकणारा दिवा बंद केला.

"मूळ फीत कुठाय?"

नवशानं हातातली कॅसेट तिच्यापुढं धरली. चिठ्ठीवर बॉलपेननं लिहिलेलं होतं: सोनुबाई, हळद, १९८६. खाली दुसऱ्या शाईत: डान्स.

"ह्याच्यावरच भरलं?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"आन लोकांना दिल्या त्या?"

"लोकांनीच माघारी आणल्या. म्हणले, हे रडकं पुस आन नाचायचं भरून दे."

जिजा उठली. तान्हीला खांद्यावर घेतलं, पदर सारखा केला. "मंग उद्या आई इचारील, आन आमी तोंड उघडायच्या आत पुढं निघून जाईल," ती म्हणाली. "तिच्या लेकीच्या हळदीला आमी बाया नुसत्या ऐकत बसू."

ती दारापर्यंत गेली.

"थांब," नवशा म्हणाला. "बस जरा."

त्यानं खोक्यात हात घालून तिसरी एक कॅसेट शोधली. थांबणं त्यातही कापलेलं होतं, पण ताल नव्हता, सोनुबाईच्या मागं की-बोर्डचा एक लांब सूर होता फक्त. लडकूला ती कधी आवडली नव्हती, म्हणून बाजूला पडली होती. नवशा टेपसमोर मांडी घालून बसला आणि एक बोट बटणावर ठेवलं.

हळदीला पाणी गं कुणी आणिलं...

टक. फीत जागच्या जागी उभी राहिली.

"बोल," नवशा म्हणाला.

जिजानं त्याच्याकडे पाहिलं. मग तिला कळलं. पहिले शब्द ती पुटपुटली, पुढचे गायली. "पाणी गं आणिलं सुंदरा मामीनं."

बोट उचललं. सोनुबाई पुढं निघाली.

हळदीला जातं गं कुणी मांडिलं...

टक.

"जातं गं मांडिलं विमल काकूनं." आवाज आता मोकळा झाला होता. तान्ही मान वळवून आईच्या तोंडाकडे बघत होती.

"उद्या मी येतो मांडवात," नवशा म्हणाला. "वाजवाय नाय. बटण धरायला."

"आन मी?" लडकूनं विचारलं.

"तू हळद लावून घे, आन गप बस."

जिजा हसली. दिवाळीनंतर बहुतेक पहिल्यांदाच.

नवशानं बोट उचललं.

लेकीला पदराखाली कुणी घेतिलं...

टक.

या एका ओळीचं उत्तर दर घरात सारखंच असायचं. जिजानं तोंड उघडलं. मिटलं. तान्ही पदराच्या आत तोंड खुपसून चाचपडत होती. जिजानं तिच्यावर पदर ओढला, पुन्हा तोंड उघडलं, आणि शब्द काही आला नाही.

नवशानं बोट उचललं नाही. बाहेरून एक ट्रक गेला, मग आणखी एक. पत्रा थरथरून शांत झाला.

सोनुबाई थांबून राहिली.