पुन्हा रंगवा

"बघू तर द्या," त्रिफोनकाका म्हणाले. "चाळीस वर्षं स्लिवेनच्या गिरणीत लोकर रंगवली. आता मला कसं रंगवलंय, ते मला बघायचंय."

रुग्णाने प्रयोगशाळेत यायचं नसतं. पण काका लोकुमच्या गोड वड्यांचा डबा काखेत मारून दारातच उभे होते, आणि बातमी चांगली होती, म्हणून डॉ. नेदांनी त्यांना आत घेतलं. गिरणीतल्या रंगांमुळेच काकांच्या मूत्राशयात गाठ धरली असावी, असं डॉक्टरांचं मत होतं. काकांना त्याचा राग कमी आणि नवल जास्त.

सूक्ष्मदर्शकाखाली काचेवर त्या गाठीचा पापुद्रा होता. निळे ठिपके म्हणजे निवांत पेशी. तपकिरी म्हणजे वाढायच्या घाईत असलेल्या. त्यांच्यातलं एक प्रथिन तो रंग धरतं.

"शंभरात सातच तपकिरी," नेदा म्हणाल्या. "तिसाच्या वर गेल्या असत्या, तर उद्याच्या डॉक्टरांच्या बैठकीत मूत्राशय काढायचंच ठरलं असतं. आता बहुतेक राहील."

काकांनी डबा उघडून टेबलावर ठेवला. चांगलं काही झालं की समोर असेल त्याचं तोंड गोड करायचं, ही बल्गेरियातली रीतच. काचेवरचे नमुने रंगवणारी गीना हात पुसत पुढे आली. पण काकांचा डोळा पुन्हा सूक्ष्मदर्शकाच्या नळीला.

"कडेला हा दुसरा तुकडा कसला?"

"कुणाच्या तरी टॉन्सिलचा. प्रत्येक काचेवर लावतो. तो गडद तपकिरी झाला की समजायचं, रंग नीट लागला."

"आम्हीही हंड्यात एक ओळखीचा धागा सोडायचो." काका थांबले. "पण डॉक्टर, हा कुठे गडद आहे? हा तर पाणचट चहा."

नेदांनी पाहिलं. सकाळीही पाहिला होता, पण सात आकडा आल्याच्या आनंदात त्या पुढे सरकल्या होत्या. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

गीनाचा चेहरा उतरला. "रंगाची बाटली तळाला आली होती. नवी फोडण्यापेक्षा... थोडं पाणी घालून पुरवली."

"चिक्कूंच्या गाब्रोवोची ना तू?" काका म्हणाले. "तुमच्याकडे मांजराची शेपटी छाटतात म्हणे. दार लवकर लागावं, ऊब वाया जाऊ नये म्हणून."

नेदांनी काच काढून बाजूला ठेवली.

"काका," नेदा हळूच म्हणाल्या, "पुन्हा रंगवलं की आकडा वाढणार. कमी नाही व्हायचा."

"ते मला सांगता?" काकांनी डब्याचं झाकण लावलं. ते एका खेपेत बसेना. "कच्चा रंग मी गिरणीबाहेर जाऊ दिला नाही कधी. पुन्हा रंगवा."

दुसऱ्या दिवशी, बैठकीच्या तासभर आधी, नवी काच तयार झाली. टॉन्सिलचा तुकडा अक्रोडाच्या सालीसारखा गडद उतरला होता. दोघांना एकदम पाहता येईल अशा सूक्ष्मदर्शकापाशी काका एका बाजूला आणि नेदा दुसऱ्या बाजूला बसले. नेदा पुटपुटत शंभरातल्या तपकिरी पेशी मोजू लागल्या. तिसाच्या पुढे गेल्यावर त्यांचं पुटपुटणं बंद झालं. बोट तेवढं हलत राहिलं.

काका मोजत नव्हते. ते नुसते बघत होते.

"रंग एकसारखा बसलाय," ते म्हणाले. "कुठे डाग नाही, कुठे सुटलेला नाही."

मग ते उठले, कालचा डबा उघडला आणि आधी गीनापुढे धरला. ती भिंतीला टेकून रडत होती.

"घे, पोरी. काम झकास झालंय."

गीनाने एक वडी उचलली.

"दोन घे," काका म्हणाले.