पांडवांच्या गुहेपाशी

पेडण्याहून सहलीची बस सुटण्याआधी शाळेचे शिपाई शंभूकाका यांनी खर्जातल्या आवाजात देवाला रीतसर गाराणं घातलं. "पोरांक सुखरूप घरी हाड रे महाराजा!" मुलं एका सुरात ओरडली, "व्हय महाराजा!"

हरवळ्याच्या गुहेपाशी पणजीहून आलेले पुरातत्त्वाचे साहेब शंभूकाकांसारख्याच खर्जातल्या आवाजात सांगू लागले, "ही गुहा जांभ्या दगडात कोरलेली आहे."

"व्हय महाराजा!"

वर्गशिक्षिका विनोदिनीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब मात्र खुलले. "फार प्राचीन आहे."

"व्हय महाराजा!"

"पण इथे पांडव कधीच राहिले नव्हते."

मुलं गप्प. नुसता जवळचा धबधबा ऐकू येत होता.

साहेब चाचरले. "म्हणजे... एखादी रात्र राहिलेही असतील."

"व्हय महाराजा!"

या खेपेला सगळ्यांत मोठा आवाज बाईंचा होता.