पलीकडचा काठ

"आई, पाऊस काही थांबायचा नाही. परत फिरूया का?"

"आलोय ना? मग बसायचं," सासूबाई म्हणाल्या आणि ओल्या फळ्यांवरून काठी टेकत पुढे निघाल्या.

ऐन उन्हाळ्यात शनिवार सकाळपासून आभाळ फाटलं होतं. टेहळणीची लाकडी खोली पाणथळीच्या अगदी कडेला होती. आत एक बाक, समोर आडवी फट, आणि फटीपलीकडे पाणी, लव्हाळी आणि धुकं. दुसरा काठ आहे की नाही, हेही कळत नव्हतं.

सुनेने छत्री झटकली. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नजरा तपासायच्या आणि सुट्टीच्या दिवशी इथे येऊन भिजायचं, हे तिला मनातून पटलेलं नव्हतं. पण नवरा नेहमीप्रमाणे शनिवार-रविवार कंपनीच्या दौऱ्यावर होता, आणि सासूबाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे काही मागितलं होतं.

मागणं साधं होतं. मामंजींनी चाळीस वर्षं या पाण्यावरचे पक्षी वहीत टिपले होते. लव्हाळ्यांत लपणारा एक बुजरा बगळा तेवढा राहून गेला. शेवटची दोन वर्षं तर ते इकडे फिरकलेच नाहीत. गुडघे दुखतात म्हणायचे. रोज सकाळी बाजारात मात्र चालत जायचे. मागच्या हिवाळ्यात ते गेले.

"तो बगळा एकदा बघायचाय. तू चल माझ्याबरोबर," सासूबाई म्हणाल्या होत्या.

पहिला दिवस तसाच गेला. दोन टिबुकल्या बुड्या मारून गेल्या, एक खंड्या खांबावर भिजत बसला. सून वहीत टिपत होती. सासूबाई दुर्बीण डोळ्यांना लावून समोरच्या धुक्यात बघत होत्या.

"द्या इकडे, मी नीट लावून देते," सून म्हणाली. दुर्बीण हातात घेतल्यावर तिला हसू आलं. "अहो, ही किती लांबचं बघायला लावलीय! पक्षी इथे नाकासमोर आहेत."

"असू दे तशीच," सासूबाईंनी दुर्बीण परत घेतली.

मुक्काम जवळच्याच लॉजवर होता. जेवताना सासूबाईंनी मध्येच विचारलं, "तुझ्या माहेरी वरची खोली रिकामीच असते ना?"

"हो. दादाने भाड्यानेही नाही दिली. का?"

"काही नाही. सहज आठवलं."

सुनेला जरा नवल वाटलं. सासूबाई प्रसूतिगृहात मेट्रन होत्या. हजारो पोरं त्यांच्या हातांत पहिल्यांदा रडली. बोलायला फटकळ. आडून बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. मूल व्हावं म्हणून केलेले सुनेचे उपचार तीनदा फसले, तेव्हाही त्यांनी कुणाला एक शब्द बोलू दिला नव्हता. नवऱ्यानेच एक दिवस म्हटलं, सोडून दे आता, आपल्या नशिबात नाही. त्या रात्री सून सासूबाईंच्या कुशीत रडली होती.

रविवारीही पाऊस होताच. दुपार झाली तसा सुनेचा धीर सुटला.

"आई, उद्या मला दुकान उघडायचंय. मामंजींना जो चाळीस वर्षं दिसला नाही, तो आपल्याला दोन दिवसांत कुठला दिसतोय?"

"अजून तासभर. उघडेल आता."

"पुढच्या वेळी ह्यांनाही घेऊन येऊ. तेवढंच त्यांचं..."

"नको," सासूबाई इतक्या चटकन म्हणाल्या की सून दचकली. मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "तू माझ्या पोटची नाहीस, हे मला कधी जाणवलंच नाही बघ. तुला जाणवलं का गं?"

"असं काय बोलताय आई? बरं वाटत नाहीये का?"

सासूबाईंनी पुन्हा दुर्बीण डोळ्यांना लावली. दोन दिवसांचा गारवा बाधला असेल म्हणून सुनेने आपली शाल काढून त्यांच्या खांद्यावर घातली.

तीनच्या सुमाराला पाऊस थांबला. धुकं पाण्यावरून हळूहळू वर सरकलं आणि पलीकडचा काठ दिसू लागला. उतारावर चार-पाच घरं होती.

तेवढ्यात डावीकडची लव्हाळी हलली. एक तपकिरी मान सरळ वर उभी राहिली, जणू लव्हाळ्यातलंच एक पातं. सुनेने श्वास रोखला.

"आई!" ती कुजबुजली. "तोच! बघा, बघा, डावीकडे!"

सासूबाईंनी मानसुद्धा वळवली नाही. त्यांची दुर्बीण सरळ समोर रोखलेली होती. बगळा दोन पावलं चालला, थबकला आणि लव्हाळ्यांत दिसेनासा झाला.

"गेला हो आई! तुम्ही बघितलाच नाहीत!"

सासूबाईंनी दुर्बीण खाली घेतली. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"तोंडाने सांगायला खूप वेळा बसले तुझ्यासमोर," त्या म्हणाल्या. "जीभ उचलत नाही. तूच बघ. पाण्यावर नको, वर बघ. ते पिवळं घर."

सुनेने दुर्बीण डोळ्यांना लावली. अंगणात एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती. दोन-अडीच वर्षांची एक मुलगी डबक्यात उड्या मारत होती. घरातून एक माणूस अनवाणी धावत आला, त्याने मुलीला उचलून खांद्यावर बसवलं, आणि तिने त्याचे केस मुठींत घट्ट धरले. तो हसत हसत पाण्याकडे वळला, आणि सुनेला आपला नवरा दिसला.