सलोनीचा दम

"बाई, पाय माझे वाटणतच नाय," सलोनी म्हणाली, आणि विनीताने कपाळावर हात मारला.

सामना चोवीस-चोवीस. शेवटची चढाई उरलेली. विजयदुर्गच्या संघातल्या एका मुलीला शिवून सलोनी परत आली की करंडक गावात, आणि टेबलामागे पांढरी टोपी घालून बसलेल्या निवड समितीच्या माणसाच्या कागदावर, जिल्ह्याच्या संघात, सलोनीचं नाव. त्या एका नावासाठी विनीता दोन वर्षं शाळा सुटल्यावर मैदानात घसा फोडत होती. आणि आता, नेमक्या वेळी, पोरीचे हात गार आणि ओठ सुकलेले.

पहिल्या डावात हीच पोर दोरीवरचे कपडे काढावेत तशी एकेक गडी काढत होती. अकरा गुण! घाई नाही, आदळआपट नाही. तिचं तसंच होतं. डोळ्यांवर जराशी झोप असली की सलोनीसारखी खेळणारी जिल्ह्यात नाही. हे गावाला सांगून सांगून विनीता थकली. पण ऐकेल तो गाव कसला! मध्यंतरात सगळे तुटून पडले. आईने अंगारा लावला. वडलांनी मुंबईहून व्हिडिओ कॉल करून 'माझी मान खाली घालू नको गो' म्हणत डोळे पुसले. सरपंचांनी सायकल जाहीर केली. कुणीतरी ढोल आणला. काय तर म्हणे, पोरीला जोश यायला हवा! अरे, भात शिजल्यावरही जाळ घालत बसलात तर करपेल नाही तर काय होईल?

"हय बघ, माझ्याकडे," विनीताने तिचे खांदे धरले. "सकाळी काय खाल्लंस?"

"आँ?"

"खाल्लंस काय, ता विचारतंय."

"घावने."

"किती?"

"चार." सलोनीने जरा आठवलं. "नाय, पाच. एक भावाच्या ताटातलो उचललंय."

आणि ती हसली. खांदे सैल पडले. हाताला ऊब आली. सुटले एकदाची, विनीता मनात म्हणाली.

तेवढ्यात लाऊडस्पीकर खरखरला. बाबली! देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा, आणि आज दुपारपासून माईकही त्याच्याच ताब्यात.

"बा देवा म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं मैदान गरजलं.

"अरे, बंद करा तो माईक!" विनीता ओरडली. ऐकतो कोण!

पंचांची शिट्टी झाली. सलोनी मध्यरेषा ओलांडून गेली. कबड्डी, कबड्डी, कबड्डी.

"आज जा ह्या चेडू खेळाक उतारला हा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जा कोण तेचो पाय धरीत, तेचे हात ढिले पडांदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सलोनीची नजर समोरच्या पायांवर. ढिम्म हलली नाही ती. कानात बोळे घातल्यासारखी. डावीकडे एक हूल, उजवीकडे एक, आणि कोपऱ्यातल्या मुलीने पाय पुढे टाकला मात्र, सलोनीचा हात तिच्या खांद्याला लागला. शिवली! सलोनी वळली. मागून तिघी झेपावल्या, तिघीही हुकल्या. मध्यरेषा दोन हातांवर. विनीता बाकावरून कधी उठली, रेषेपर्यंत कधी धावली, तिचं तिला कळलं नाही. तिच्या अंगभर काटा आला होता.

"ह्या चेडू सुखरूप घराक येवंदे रे म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

आणि सलोनीच्या तोंडूनही तेच निघालं. कबड्डी, कबड्डी, व्हय म्हाराजा. स्वच्छ, खणखणीत.

पंचांनी शिट्टी फुंकून हात वर केला. दम तुटला, चढाईपटू बाद. गुण विजयदुर्गला, सामनाही विजयदुर्गला. माईकसमोर बाबली आ वासून उभा राहिला. पांढऱ्या टोपीवाल्याने पेनाला टोपण लावलं.

विनीता तरातरा आत गेली. सलोनी मध्यरेषेजवळ मातीत बसकण मारून बसली होती.

"अगो शुंभा! शिमग्याक, जत्रेक म्हणतंस ता पुरणा नाय? चढाईत म्हणूक कोणी सांगला तुका? हजार माणसा बोंबलतली! तू कित्याक तेंचा आयकतंस?"

सलोनीने मान वर केली. तिला खरंच नवल वाटलेलं दिसत होतं.

"तेंचा मी खंय आयकत होतंय, बाई! तुमी रेषेर येवन वरडलात, 'व्हय म्हाराजा'. म्हणान मी म्हटलंय."